बटण दाबलं की फक्त 'टिक' आवाज येतो, पण बोटीच्या मागे बाहेर बसवलेलं आउटबोर्ड इंजिन वर उचललं जात नाही. पॉवर टिल्टचा (इंजिन वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) पंप उघडावा का?

पंपाला इतक्यात हात लावू नका. 'टिक' होतंय म्हणजे बटण आणि रिलेपर्यंत (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) वीज येतेय, अडतंय त्यापुढे. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून टर्मिनल घासून घट्ट करा. मग पंप फिरवणाऱ्या टिल्ट मोटरच्या दोन जाड वायरी (बऱ्याच इंजिनांवर निळी आणि हिरवी) सोडवून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. ठिणगी उडते, त्यामुळे आसपास पेट्रोलची वाफ नको.

मोटर फिरली तर दोष रिलेचा किंवा वायरिंगचा. खाऱ्या पाण्यातल्या बोटीत रिलेच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि बहुतेकदा दुखणं तिथेच निघतं. फिरलीच नाही तर मोटर उघडा. ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले असतील किंवा आत पाणी गेलं असेल.

मोटर फिरूनही इंजिन हलत नसेल तर ब्रॅकेटमधला मॅन्युअल रिलीज स्क्रू (इंजिन हाताने वर-खाली करता यावं म्हणून दाब सोडणारा) सैल नाही ना, टिल्ट पंपाचं तेल कमी नाही ना, ते बघा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय, सील गेले. तेलाचं झाकण इंजिन पूर्ण वर असतानाच उघडा, खाली असताना आत दाब असतो. आणि कृपा करून, इंजिनाला भक्कम आधार दिल्याशिवाय खाली हात घालू नका, नुसत्या टिल्ट लॉकच्या (इंजिन वर अडकवून ठेवणारा खटका) भरवशावर तर अजिबात नाही.