मॅडम, एवढी एक चिठ्ठी द्या

“मॅडम, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तुम्ही चिठ्ठी दिलीत तर शाळा ऐकेल.”

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेल्या त्या आई खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलल्या. मागे सातवीतली मुलगी, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आठवड्यावर आलं होतं. खाली फुटपाथवर मांजा करणाऱ्यांच्या गुलाबी दोऱ्या ताणलेल्या, आणि ही मुलगी खिडकीकडे पाठ करून बसली. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं अर्ध्या तासाने.

तिला इथे मी छकुली म्हणेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण गोष्ट बदललेली नाही. कारण हीच चिंता घेऊन दर वर्षी आईवडील येतात: शाळेत उपक्रमांचा आठवडा सुरू झाला की मुलाच्या पोटात दुखतं, तो जायचं नाही म्हणतो, वर्गात पुस्तकंच नाहीत, मग घरी राहिला तर बिघडलं कुठे?

छकुलीच्या शाळेत त्या आठवड्यात दप्तर आणायचं नव्हतं. सोमवारी कमाटीबागेतलं म्युझियम. मंगळवारी पतंग करणारे कारागीर शाळेत येणार, बुधवारी सुतार. गुरुवारी खंडेराव मार्केटात जाऊन भाज्यांचे भाव विचारायचे, लिहायचे आणि त्यावरून हिशेब मांडायचा. शुक्रवारी तिळाचे लाडू. शनिवारी मुलांनी स्वतः केलेले पतंग मैदानावर उडवायचे आणि ते बघायला पालकांनी यायचं.

मंगळवारी रात्रीपासून तिचं पोट दुखत होतं. बुधवारी सकाळी साडेसहाला ती पोट धरून बसली, रिक्षावाले काका दोनदा हॉर्न वाजवून निघून गेले. आईने लगेच मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, काही सापडलं नाही. दहा वाजता ती पोहे मागून खात होती.

“हे म्हणतात, नाटक आहे सगळं,” आई म्हणाल्या. “मला तसं वाटत नाही. पण मॅडम, ती पहिल्या तिनांत असते दर वर्षी. तिला या पतंगबितंगाची काय गरज? अभ्यासू मूल आहे. घरी बसून गणितं तरी सोडवेल.”

आधी पोटाबद्दल. असं दुखणं खोटं नसतं. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते, स्नायू आवळले जातात. मुलाला खरोखर कळ येते. म्हणून “नाटक करू नकोस” म्हटलं की मूल दोन गोष्टी शिकतं: आपल्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात सांगायला हवं. मात्र डॉक्टरांना दाखवणं कधीही चुकवू नका. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, ताप असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल, तर माझ्यासारखीकडे वेळ घालवू नये. छकुलीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. रिक्षा गेली की दुखणं ओसरत होतं.

पुढची वीस मिनिटं मी चुकीच्या दिशेने गेले. वर्गात कुणी चिडवतं का, कुणी वस्तू लपवतं का, रिक्षात कुणी त्रास देतं का, असं मी फिरून फिरून विचारत राहिले. हे विचारायला हवंच; पण मी जणू उत्तर ठरवून बसले होते. छकुली प्रत्येक वेळी “नाही” म्हणाली आणि दर “नाही”बरोबर आणखी आक्रसली. मी थांबले. आईंना बाहेर बसायला सांगितलं, एक लांब कागदाची पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यावर सोमवार ते शनिवार सहा चौकोन कर आणि हवे ते रंग भर.

सोमवार पिवळा झाला. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला, इजिप्तची ममी पाहिली आणि प्रश्नपत्रिका भरली; तिची सगळी उत्तरं बरोबर आली. मंगळवार तिने काळा केला, कागद फाटेपर्यंत. बुधवार पांढराच ठेवला. गुरुवार, शुक्रवार करडे. शनिवारवर आली आणि खडू खाली ठेवून दिला.

“शनिवारी काय आहे?”

“पतंग.”

“आणि तुझा पतंग?”

“फाटला. म्हणजे… मी फाडला.”

मग हळूहळू सगळं आलं. कारागिरांनी प्रत्येकाला कागद, दोन कामट्या आणि खळ दिली होती. उभी कामटी चिकटली. आडवी वाकवून कमान करताना ती सुटून कागदात घुसली. दुसऱ्या कागदाला सुरकुत्या पडल्या. शेजारी एक मुलगा होता, मागच्या बाकावरचा, ज्याची गणिताची वही छकुली नेहमी तपासून देते. त्याचा पतंग केव्हाच झाला होता. त्याने “असं नाही गं, दे इकडे” म्हणत तिच्या हातातून कामटी घेतली आणि दोन मिनिटांत कमान बसवून दिली. सगळे बघत होते. कुणी हसलं नाही, हे तिने स्वतःच मला दोनदा सांगितलं. पण घरी येताना तिने तो पतंग रिक्षातच फाडून दप्तराच्या जागी नेलेल्या पिशवीत कोंबला.

“त्याला सगळं येतं,” ती म्हणाली, “आणि मला काहीच येत नाही.”

जिला वर्षानुवर्षं घरादाराने, शिक्षकांनी, शेजारच्या काकूंनी “हुशार” म्हटलं, तिने त्या एका दुपारी हा निष्कर्ष काढला होता. मला यात तिचा दोष दिसत नाही. जे येतं तेच पुन्हा पुन्हा करायला मिळालं, त्याचंच कौतुक झालं, तर न येणारी गोष्ट समोर आल्यावर काय करायचं हे मूल शिकणार कुठे? १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. “तू हुशार आहेस” असं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडायला लागली, आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी खालावली. “तू मेहनत घेतलीस” असं ऐकलेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. घरात रोज प्रेमाने उच्चारला जाणारा तो एक शब्द मुलाला किती जड होतो, हे मी इथे नेहमी पाहते.

मी आईंना आत बोलावलं आणि चिठ्ठी देणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “मग उद्या सकाळी काय करू? ओढत नेऊ?”

नाही. पण चिठ्ठीचं काय होतं ते मी त्यांना सांगितलं. बुधवारी रिक्षा गेली आणि पोट थांबलं. छकुलीच्या मनाने नोंद केली: घरी राहिलं की बरं वाटतं. गुरुवारी भीती थोडी लवकर येईल, शुक्रवारी रात्रीच येईल. तीन दिवस घरी काढले तर सोमवारी नेहमीचं दप्तर घेऊनही वर्गात शिरणं जड जाईल, कारण तोवर “सगळ्यांनी पाहिलं” हा विचार एकटाच घरात वाढत राहिलेला असेल. सूट द्यायची वेळही असते. मूल खरंच छळलं जात असेल, आजारी असेल, घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर मी बिनदिक्कत चिठ्ठी देते. इथे ती चिठ्ठी तिच्या भीतीवर शिक्का मारणारी ठरली असती.

तेवढ्यात वडीलही ऑफिसातून परस्पर आले. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतात. त्यांचा राग वेगळाच होता. “वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि हे सुतारकाम शिकवतायत. आठवडा फुकट.”

हा प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांचा काळ सुचवला आहे, तो नेमका यासाठी: सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर मुलांनी काम करावं. भोपाळच्या व्यावसायिक शिक्षण संस्थेने केलेल्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२४ मध्ये आल्या. शिक्षण हक्क कायदा या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा सांगतो. त्यातल्या दहा दिवसांनी अभ्यासक्रम बुडत नाही. आणि बडोद्याच्या माणसाला तर हे नवं वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन निघालं, ते हाताने काम शिकवण्यासाठीच. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. मी एवढं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “पण हिला ते जमत नाही त्याचं काय?”

“जमत नाही म्हणूनच तर.”

वेळ कमी होता, म्हणून छोट्या पायऱ्या ठरवल्या, छकुलीला समोर बसवूनच. गुरुवारी ती जाईल, पोट दुखलं तरी. दुखलं तर बाईंना सांगून दहा मिनिटं मागे बसायची मुभा. घरी फोन मात्र नाही. मी वर्गशिक्षिकेशी तिथूनच बोलले. त्या फार मायाळू. लगेच म्हणाल्या, तिला तीनही दिवस अहवाल लिहायला देऊ, तिचं अक्षर सुंदर आहे. मी गुरुवारपुरतं हो म्हटलं. पुढचे दोन दिवसही ती वही घेऊन बाजूला बसली असती, तर भीतीला नुसतं सुवाच्य अक्षर मिळालं असतं. शुक्रवारी लाडू वळायचे, शनिवारी पतंग घेऊन उभं राहायचं. उडाला पाहिजे अशी अट नाही.

घरच्यांना एक काम दिलं: आज रात्री तुम्हाला न येणारी एखादी गोष्ट तिच्यासमोर करा, आणि मधेच सोडू नका. उपदेश करू नका, नुसतं करा.

पुढचं मला आईंनी फोनवर सांगितलं. वडिलांनी जुन्या वर्तमानपत्राचा आणि झाडूच्या काड्यांचा पतंग करायला घेतला. तीनदा मोडला. चौथ्यांदा जे झालं त्याला पतंग म्हणणं कठीण होतं, पण छकुलीने शेवटी स्वतःहून काडी धरली. आजी हे बघत होत्या. त्या साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्यात आल्या तेव्हा गुजराती अक्षरही येत नव्हतं. सासूबाईंनी साखर आणायला पाठवलं, त्यांनी दुकानात जाऊन “साखर” मागितली, आणि दुकानदाराने पाव किलो खडीसाखर बांधून दिली. गुजरातीत साकर म्हणजे खडीसाखर, आपल्या साखरेला खांड म्हणतात. घरी सगळे हसले. “मग?” छकुलीने विचारलं. “मग काय, दुसऱ्या दिवशी परत गेले. चहा कशाचा करणार होते?” ही गोष्ट आजींनी त्या घरात याआधी कुणाला सांगितली नव्हती, अगदी मुलालाही नाही.

गुरुवारी सकाळी पोट दुखलं. ती गेली. मार्केटात वही धरून भाव लिहिले आणि एका भाजीवालीला स्वतः एक प्रश्न विचारून आली. शुक्रवारीही दुखलं, रिक्षात बसेपर्यंत. लाडूचा पाक हाताला चटका देतो म्हणून वळताना सगळ्यांचीच धांदल उडाली आणि तिचे लाडू इतरांइतकेच वेडेवाकडे झाले, हे फार बरं झालं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारलं की कमान सुटू नये म्हणून काय करतात. त्याने सांगितलं, कामटी आधी बोटांनी हळूहळू वाकवून सैल करायची, एकदम नाही. शुक्रवारी रात्री तिने नवा पतंग केला. डाव्या बाजूला सुरकुती होतीच.

शनिवारी तो मुलगा पतंग धरून लांब उभा राहिला, तिने दोर ओढला. पतंग शाळेच्या गच्चीइतका वर गेला, गिरकी घेतली आणि खाली आला. दुसऱ्यांदाही तेवढाच. तिसऱ्यांदा कण्णी, म्हणजे पतंगाला दोर जोडायची गाठ, सुटली. आई म्हणाल्या, “मला वाटलं आता रडेल. ती कण्णी बांधायला खाली बसली.”

एका आठवड्यात मूल बदलत नाही. फेब्रुवारीत घटक चाचणीच्या आदल्या रात्री पोट पुन्हा दुखलं, आणि नंतर आम्ही चार-पाच वेळा भेटलो. “हुशार” हा शब्द घरातून काढणं सर्वांत कठीण गेलं. वडिलांच्या तोंडून तो अजून निसटतो आणि छकुली त्यांना टोकते.

नव्या वर्षात, ती आठवीत गेल्यावर, आईंचा फोन आला. शाळा मुलांना संखेड्याला नेणार होती, लाखेचं लाकडी फर्निचर करणाऱ्या कारागिरांकडे. मी धास्तावून विचारलं, “चिठ्ठी हवीय का?”

“नाही हो. ही कालपासून एकच विचारतेय, तिथे आपल्याला करायला देतात की नुसतं बघायचं? तुम्हाला माहीत असेल म्हणून फोन केला.”

“आणि पोट?”

“थोडं दुखतंय म्हणाली सकाळी. गेली शाळेत.”