‘मैत्री’ या भारताच्या अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर पहिला हिवाळा काढणाऱ्याला

औलीचं बर्फातलं प्रशिक्षण झालं, गोव्यात वास्कोतली कागदपत्रं झाली, आता तू अंटार्क्टिकाला निघणार. थंडीची फार काळजी करू नकोस, कपडे चांगले मिळतात. जपायचं ते झोपेला. मे अखेरीस सूर्य गेला की जवळपास दोन महिने दिसत नाही. पहाटे चारला डोळे टक्क उघडे असतात. तरी नाश्त्याला ठरल्या वेळी सगळ्यांसोबत बसच. जो टेबलावर यायचा बंद होतो, त्याच्या खोलीचं दार वाजव. वाट बघू नकोस.

हवा इतकी कोरडी, की दाराच्या कडीला हात लावला तरी स्थिर विजेचा चटका बसतो. खोबरेल तेल भरपूर ने. पाणी प्रियदर्शिनी तलावाचं, जपून वापर.

स्वयंपाकघरातली पाळी मात्र कधी टाळू नकोस. पोळ्या लाटताना माणसं जे बोलतात, ते एरवी बोलत नाहीत. माझे तिथले जिवाभावाचे दोन मित्र त्या ओट्यापाशीच मिळाले.

आणि एक. हिवाळ्यात काहीही झालं तरी लगेच परतता येत नाही. म्हणून वाईट बातमी लगेच कळवायची की थांबायचं, हे निघण्याआधी घरच्यांशी बसून ठरव. आम्ही ठरवलं नव्हतं. वडील गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं.