कूलरच्या कारखान्यासाठी कोणती सीएमएस घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की हिंगणा एमआयडीसीत आपला कूलर बनवण्याचा लहान कारखाना आहे, बारा मॉडेल आहेत, संकेतस्थळ सांभाळायला कार्यालयातील एकच मुलगी आहे, आणि सीएमएस, म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर भरण्या-बदलण्याची प्रणाली, म्हणून वर्डप्रेस, विक्स, ड्रुपल किंवा ओळखीच्या एका डेव्हलपरने स्वतः तयार केलेली सीएमएस यांपैकी काय घ्यावे हे ठरत नाही. माझे उत्तर वर्डप्रेस, तेही आपल्या नावावरच्या होस्टिंगवर (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर), असे आहे. त्याला एक अट आहे. ती पुढे ओघात येईल.

चौथ्या पर्यायाबद्दल आधी लिहितो, कारण त्यात मी स्वतः अडकलो होतो. नागपूरच्या कॉटन मार्केट परिसरात आमचे फवारणी पंपांचे दुकान आहे. आमचे पहिले संकेतस्थळ एका डेव्हलपरने त्याच्याच सीएमएसवर बनवून दिले होते. ते दिसायला चांगले होते आणि पहिले वर्ष सुरळीत गेले. पुढे त्याला नोकरी लागली आणि त्याने शहर सोडले. खरिपाच्या तोंडावर पंपांच्या किमती बदलल्या, तेव्हा आमच्या लक्षात आले की किमतीच्या पानावर बदल करण्याची सोयच आमच्या लॉगिनमध्ये ठेवलेली नाही, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, त्याच्या ईमेलवर नोंदलेले आहे, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, आणि त्याची प्रणाली जाणणारा दुसरा कोणीही नाही. तो संपूर्ण हंगाम जुनीच किंमत दिसत राहिली आणि गिऱ्हाइके मोबाइल पुढे करून त्याच भावाने पंप मागत राहिली. त्या माणसाची नियत वाईट नव्हती आणि त्याचे कामही कच्चे नव्हते. पण सगळे ज्ञान एकाच डोक्यात होते आणि सगळ्या किल्ल्या एकाच खिशात होत्या. म्हणून आपल्या ओळखीच्या डेव्हलपरला काम अवश्य द्या, मात्र ते सर्वांना माहीत असलेल्या प्रणालीवर करून घ्या, आणि डोमेन व होस्टिंग ही दोन्ही खाती स्वतःच्या ईमेलवर, स्वतः पैसे भरून उघडा.

ड्रुपल ही उत्तम प्रणाली आहे. २००१ पासून ती चालत आली आहे, आणि एकाच मजकुराच्या मराठी व हिंदी आवृत्त्या ठेवण्याची सोय तिच्या गाभ्यातच आहे, जी वर्डप्रेसमध्ये प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, घेऊन करावी लागते. तरीही बारा मॉडेलांच्या कारखान्याला ती सुचवणार नाही. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणे म्हणजे बऱ्याच अंशी साइट नव्याने बांधणे होते. त्यामुळे असंख्य साइट वर्षानुवर्षे ७ वरच थांबल्या, आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ रोजी त्या आवृत्तीचा अधिकृत आधार संपला. ज्या संस्थेत संगणक विभाग आहे तिला असे स्थलांतर झेपते, आपल्याला त्याचा खर्च निष्कारण पडेल.

विक्सचे तसे नाही. तिथे सर्व्हर, सुरक्षा, अपडेट यांची काळजी कंपनी घेते आणि आपण मासिक किंवा वार्षिक शुल्क भरतो. अडचण बाहेर पडताना येते, कारण विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. सेवा बंद झाली किंवा शुल्क वाढले तर पाने पुन्हा हाताने उभारावी लागतात. गूगलने व्यवसाय प्रोफाइलसोबत मोफत दिलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा अनेक लहान दुकानदारांची पाने अशीच गेली.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त परवान्याखाली आहे, आणि ते जाणणारा माणूस नागपुरात सहज सापडतो. एक जण सोडून गेला तर दुसरा काम उचलू शकतो, हाच माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मजकूर एक्सपोर्ट करता येतो आणि डेटाबेस व फाइल घेऊन होस्टिंग बदलता येते. दुबळी बाजू प्लगइनची आहे. वर्डप्रेसच्या साइट बहुतेक वेळा मूळ सॉफ्टवेअरमुळे नव्हे, तर अपडेट न केलेल्या प्लगइन आणि थीममुळे (साइटच्या तयार मांडणीमुळे) हॅक होतात. म्हणून प्लगइन मोजकेच घ्या: चौकशीचा फॉर्म, बॅकअप आणि फार तर भाषांसाठी एक. ऑनलाइन विक्रीचे प्लगइन आज घेऊ नका, कारण आपला माल वितरकांमार्फत जातो आणि मॉडेलच्या पानावर व्हॉट्सॲपची लिंक पुरेशी आहे. माझी अट इथेच येते: महिन्यातून एकदा अपडेट पाहणारे आणि बॅकअप उतरवून घेणारे कोणी नक्की ठरलेले असले पाहिजे. तसे कोणी नसेल, तर विक्स घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

मराठी मजकुराबाबत दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण थीमच्या नमुना पानावर त्या दिसत नाहीत. पुष्कळ थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतात. मग फोन स्वतःचा फॉन्ट वापरतो, आणि ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेले असल्यामुळे मथळ्यातील मात्रा व रफार वरच्या ओळीला भिडतात. थीम निवडण्यापूर्वी ‘सर्वोत्कृष्ट’ आणि ‘दर्जेदार’ हे शब्द दोन ओळींच्या मथळ्यात टाकून पाहावेत. दुसरे असे की वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरूनच त्या पानाचा वेब पत्ता (लिंक) तयार करते. शीर्षक मराठी असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवताना त्या पत्त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक रांग होते आणि गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवायला कचरते. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत स्वतः टाइप करा. कारखान्याचे जुने माहितीपत्रक युनिकोडपूर्व, म्हणजे तो फॉन्ट नसला की अक्षरे भलतीच दिसणाऱ्या जुन्या, फॉन्टमध्ये असेल, तर त्यातील मजकूर तसाच चिकटवू नका. तो शोधात सापडणार नाही.

अंतिम निर्णय मात्र माझ्या किंवा डेव्हलपरच्या सांगण्यावरून घेऊ नका. वर्डप्रेस आणि विक्स दोन्हींवर एकेका कूलरचे कच्चे पान करून घ्या आणि आपल्या कार्यालयातील मुलीला तिच्या मोबाइलवरून तीन कामे करायला सांगा: किंमत बदलणे, फोटो बदलणे, आणि ‘साठा संपला’ असे लिहिणे. तिच्या शेजारी बसा, पण काही सांगू नका. उन्हाळ्यात, वितरकांचे फोन थांबत नसताना, हीच तीन कामे तिला एकटीने करावी लागणार आहेत. ज्या प्रणालीवर तिचा हात अडखळला नाही ती घ्या, मग ती विक्स निघाली तरी चालेल. ही चाचणी दिवाळीपूर्वी उरकली, तर जानेवारीपर्यंत बाराही मॉडेलांचे फोटो आणि किमती शांतपणे भरून होतील.