छडीचं वचन ऐकवणारे खूप भेटतील
ताई, लेकराला शिस्त कशी लावायची म्हणून विचारलंत, तर बायबलमधल्या नीतिसूत्रे 13:24 चं छडीचं वचन (जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्हाला सगळेच ऐकवतील. सोबत इफिसकरांस पत्र 6:4 पण वाचा. तिथे ताकीद थेट बापांना आहे, मुलांना चिडीस आणू नका म्हणून. कलस्सैकरांस पत्र 3:21 कारणही देतं: ती खचतात. रागात हात उचलायचा नाही, हे मी ठामपणे सांगेन. उपासना चालू असताना लेकरू बाकाखाली शिरलं तर चारचौघांत धपाटा नको. बाहेर न्या, त्याच्यासमोर उकिडवं बसून, डोळ्यांत बघून सांगा. भावाचं खेळणं मोडलं? खाऊच्या पैशांतून भरून दे म्हणावं. रात्री मात्र जवळ घेऊन प्रार्थना करा. आणि प्रार्थनेत त्याच्या चुकांची यादी देवाला वाचून दाखवू नका, पोरांना तो टोमणा बरोब्बर कळतो.