तिथे जे वाटलं ते इथे का वाटत नाही?

“ताई, आमच्या चर्चच्या टीमबरोबर मी दोनदा परदेशात मिशन ट्रिपला जाऊन आले. टीममधल्या एका मुलीशी इतकी घट्ट मैत्री झाली की सख्ख्या बहिणीशीही मी तेवढी मोकळी बोलले नव्हते. दिवसभर शाळेच्या इमारतीचं काम, संध्याकाळी मुलांबरोबर गाणी, रात्री आम्हा दोघींची प्रार्थना. परत आल्यावर आधी रोज फोन, मग आठवड्याने, मग नुसते स्मायली. आता कित्येक महिने ती चर्चलाच येत नाही. विचारलं तर म्हणाली, ‘तिथे जे वाटलं ते इथे वाटत नाही. खरं असतं तर टिकलं असतं.’ तेव्हापासून मीही प्रार्थनेला बसते आणि कोरडीच उठते. आमची मैत्री, आमचा विश्वास, सगळं त्या दोन आठवड्यांपुरतंच होतं का? जिच्या घरी आम्ही उतरलो होतो ती मुलगी अजून दर रविवारी मेसेज करते. काय लिहावं सुचत नाही, म्हणून उत्तर राहून जातं. पुढच्या ट्रिपसाठी नावं द्यायची आहेत. जाऊ का?”

प्रिय मैत्रिणी,

नाही, ते खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझी सगळी घालमेल त्या एका शंकेतून आली आहे.

मैत्री जुळायला किती वेळ लागतो, यावर कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक, असं त्यांना आढळलं. आता तुमचा हिशेब मांडून बघ. सकाळच्या मननापासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत रोज चौदा-पंधरा तास तुम्ही बरोबर होतात. दोन आठवड्यांत २०० तास भरले. घरी आल्यावर रविवारच्या उपासनेनंतर तासभर भेटायचं म्हटलं, तर तेवढेच तास भरायला जवळजवळ चार वर्षं लागतील. तुमच्या मनात खोट आली नाही. सहवास आटला, एवढंच झालं.

त्यातून तिथे नोकरी, घरातली कामं, कोण कुणाची मुलगी, कोण किती शिकलेली, हे सगळं मागे राहिलेलं असतं. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेकरूंविषयी हेच लिहिलं आहे. वाटेवर माणसं आपला दर्जा बाजूला ठेवून एकमेकांना भेटतात, आणि परतल्यावर तो मोकळेपणा ओसरतो. ओसरणारच तो. पण ओसरला म्हणून त्याला भास म्हणायचं कारण नाही.

तुझ्या मैत्रिणीचं ‘खरं असतं तर टिकलं असतं’ हे वाक्य मला पटत नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौल आणि बर्णबा या दोन प्रचारकांची गोष्ट आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाच. पौलावर यरुशलेमात कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं ते बर्णबाने. नंतर तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं, तेही बर्णबानेच. दोघं मिळून कुप्र बेटावर गेले, पुढे गावोगाव फिरले, मार खाल्ला, हाकलले गेले. इतकं सगळं झाल्यावर, मार्क नावाच्या सोबत्याला पुन्हा बरोबर न्यायचं की नाही यावरून ते भांडले. मार्क आधीच्या प्रवासात पंफुल्यातून परत फिरला होता, आणि पौलाला तो नको होता. पंधराव्या अध्यायात लिहिलं आहे की वाद इतका पेटला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. त्या दोघांची पुन्हा गळाभेट झाल्याचं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून त्यांचा पहिला प्रवास खोटा होता असं आजवर कुणी म्हटलं आहे का? आणि ज्याच्यावरून एवढं झालं त्या मार्काविषयी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधे वर्षं गेली होती. पौल कैदेत होता.

म्हणून मैत्रिणीच्या बाबतीत घाई करू नकोस. तिला ‘परत आणायचं’ हे काम अंगावर घेऊ नकोस. आपल्यावर काम चालू आहे हे माणसाला लगेच कळतं, आणि ते फार लागतं. ट्रिपचे फोटो पाठवून ‘आठवतं का’ असंही विचारू नकोस, कारण त्या आठवणीशीच सध्या तिचं भांडण आहे. तिला भेट आणि तिचं आत्ता काय चाललंय ते ऐक. ऐकताना कदाचित चर्चमधल्याच कुणाविषयी काही कडू बाहेर येईल. आलं तर चर्चची बाजू घेऊन वाद घालू नकोस. आणि शब्दांत सांग, मनात ठेवू नकोस: ‘तू उपासनेला आलीस, नाही आलीस, मी तुझी मैत्रीण आहे.’ हे एकदा बोललं गेलं की तिला तुझ्यासमोर शंका लपवाव्या लागणार नाहीत.

दोघींना हाताला काही काम मिळालं तर फारच चांगलं. तुमची मैत्री विटा उचलताना झाली, समोरासमोर बसून भावना मोजताना नव्हे. करिंथात पौलाला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला भेटले तेव्हा तो त्यांच्याकडे राहिला, कारण तिघांचा धंदा एकच होता, तंबू तयार करण्याचा. पुढे त्या नवरा-बायकोने त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, असं पौलच लिहितो. म्हणून दोघींनी मिळून एखाद्या मुलाला शिकवा, कुणा आजाऱ्याकडे नेमाने जा. त्याला मिशन हे नाव नाही दिलंत तरी चालेल.

आता तुझ्या कोरडेपणाबद्दल. ट्रिपवर प्रार्थनेची वेळ कुणीतरी ठरवत होतं, गाणं कुणीतरी उचलत होतं, तुझा आवाज बसला तर शेजारचीचा पुरत होता. घरी ते सगळं एकटीने करायचं म्हटल्यावर जड जाणारच. काही वाटलं नाही म्हणजे विश्वास गेला, हे मी मान्य करत नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. आणि स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र बघ. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी आशेची एखादी ओळ असते. हे काळोखातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ती प्रार्थनाच आहे. सध्या मनाने शब्द सुचत नसतील तर ते मोठ्याने वाच. मंडळीतल्या एखाद्या वयस्क बाईला सांग की मला प्रार्थना जमत नाही, आठवड्यातून एकदा माझ्याबरोबर बसाल का. येशूने बारा जणांना पाठवलं तेही दोघा-दोघांना, असं मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. एकटीने निभावलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते त्या परदेशातल्या मुलीने. टीममधल्या मैत्रिणीवर तू भरभरून लिहिलंस आणि हिला शेवटी दोनच वाक्यं दिलीस. पण टिकलं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर दर रविवारी तीच देते आहे. तिच्या बाजूने टिकलं आहे.

१९१० साली एडिंबरोमध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली होती. सुमारे १,२०० प्रतिनिधी, त्यांत आशियातले अगदी मोजके. त्यांपैकी एक होते व्ही. एस. अझरया, जे दोन वर्षांनी अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. मिशनऱ्यांनी भरलेल्या त्या सभागृहात उभं राहून ते म्हणाले: गरिबांना खाऊ घालण्यासाठी तुम्ही तुमची संपत्ती दिलीत, देह जाळायला दिलेत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. हे शब्द त्यांनी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्राच्या आधाराने योजले होते आणि ते ऐकणाऱ्यांपैकी काहींना झोंबले. तुझं पत्र वाचताना मला ते सारखे आठवत होते. त्या मुलीकडे दर वर्षी नवी टीम येत असेल. नवे चेहरे, तेच ‘आम्ही तुला कधी विसरणार नाही’. तिने तुझी ओळख धरून ठेवली आहे, आणि तू मोठं काहीतरी सुचण्याची वाट बघते आहेस. मोठं काही नको. उशीर झाला, क्षमा कर, असं लिही. तिच्या आईची तब्येत विचार, शाळेच्या त्या इमारतीत आता काय चालतं ते विचार. मग खरं सांग: सध्या मला प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी तू करशील का? आजवर देणारी तू होतीस आणि घेणारी ती. एकदा तिलाही देऊ दे. तिने कधी पैशांची मदत मागितली तर परस्पर शब्द देऊ नकोस, दोन्ही मंडळ्यांच्या पाळकांना मधे घे. पण या भीतीने बोलणंच बंद करणं फार वाईट.

राहिला पुढच्या ट्रिपचा प्रश्न. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची दैना केली, तेव्हा अनेक मिशन टीम घरं बांधायला तिथे गेल्या. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी नंतर त्या कुटुंबांना आणि त्या टीमच्या लोकांनाही गाठून विचारलं. घर परदेशी टीमने बांधलं की स्थानिकांनी, याने कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. टीममधल्यांतही घरी गेल्यावर टिकलेला बदल थोडाच होता, आणि तो टिकायला मागे आधार आणि पाठपुरावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ते दोन आठवडे पुन्हा अनुभवायला मिळावेत एवढ्यासाठी जाणार असशील, तर या वर्षी जाऊ नकोस. परतल्यावर हेच सगळं पुन्हा होईल. पण टीम त्याच गावी जात असेल, तिथल्या मंडळीने स्वतः बोलावलं असेल, कामाची यादी त्यांनी केली असेल, आणि तुला त्या मुलीला भेटायचं असेल, तर जरूर जा. नाव देण्याआधी हे सगळं पाळकांना स्पष्ट विचार.

गेलीस किंवा नाही गेलीस, एक काम मात्र तू कर. जाण्याआधी टीमच्या तयारीच्या बैठका होतात, परतल्यानंतर बहुतेक ठिकाणी एक साक्षीचा रविवार होतो, म्हणजे सगळ्यांसमोर आपले अनुभव सांगायचे, आणि विषय संपतो. या वर्षीच्या टीमसाठी परतल्यानंतरच्या बैठका तू लाव, महिन्यातून एकदा, निदान सहा महिने. ज्यांना रिकामं वाटतंय त्यांना ते तिथे बोलता येईल. तुझ्या मैत्रिणीलाही निरोप दे. ती आली तर तिला साक्ष द्यायला मात्र कुणी उभं करू नका.

तुझी,
ताई