नॅसवरून सर्व्हर बूट करता येतो का? त्यात अडचणी काय येतात?

चार सर्व्हर आहेत, त्यांच्या आतल्या डिस्क सारख्या जातात, शेजारी मोठा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा सामाईक साठा) आहे, तर डिस्क काढून टाकून चारही सर्व्हर थेट नॅसवरून का चालवू नयेत, असा तुमचा प्रश्न आहे. चालवता येतात. मी दोन वर्षं चालवले आणि मग ती रचना स्वतःच मोडली. (चारही सर्व्हरच्या डिस्क वारंवार जात असतील तर आधी आतलं तापमान आणि पॉवर सप्लाय बघा. दोष डिस्कचा नसेलही.)

पहिला प्रश्न: नॅस फाइली देतो की ब्लॉक, म्हणजे कोऱ्या डिस्कसारखी जागा? लिनक्सला रूट फाइलसिस्टीम (जिच्यावर खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम असते ती) एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीवर, चालते. विंडोज सर्व्हरला एनएफएस किंवा एसएमबीवरून (विंडोजची फाइली देण्याची पद्धत) उठता येत नाही, त्याला आय-स्कझीवरची (नेटवर्कवरून ब्लॉक देण्याची पद्धत) लन, म्हणजे सर्व्हरला स्वतःची डिस्क वाटेल असा नॅसचा तुकडाच लागतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या ईएसएक्सआयचंही तेच. त्याची व्हर्च्युअल मशीन एनएफएसवर खुशाल ठेवा, पण तो स्वतः तिथून बूट होत नाही. म्हणजे नॅसमध्ये आय-स्कझी नसेल आणि तुमच्याकडे विंडोज असेल, तर विषय इथेच मिटला.

बूट होण्याचा भाग लोकांना अवघड वाटतो, पण तो एकदा जमला की जमतो. नेटवर्क कार्डातलं पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता आणि बूट फाइलचं नाव घेतं, टीएफटीपीने (फाइल आणण्याची अगदी साधी पद्धत) बूटलोडर आणतं, मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि इनिट-रॅम-एफएस (सुरुवातीपुरती मेमरीतली फाइलसिस्टीम) येतात. इथे अडलात तर बहुतेक वेळा स्विचकडे बघावं लागतं. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी स्विचची सोय) चालू असेल तर पोर्ट वर आल्यावर साधारण ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही, तोवर पीएक्सई कंटाळून सोडून देतं. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघण्याची सेटिंग, लावा. टॅग केलेलं व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) बऱ्याच कार्डांच्या फर्मवेअरला कळत नाही, आणि दोन पोर्ट एलएसीपीने एक करून बांधले असतील तर बूटच्या वेळी तेही आड येतं. टीएफटीपी मूळचं ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवून प्रत्येकाची पोच घेत बसतं, म्हणून त्याने फक्त आय-पीएक्सई (पीएक्सईची सुधारित आवृत्ती) आणावं आणि बाकी सगळं एचटीटीपीवरून ओढावं.

खरी गंमत बूट झाल्यानंतर सुरू होते. माझे दोन सर्व्हर एनएफएसवर होते, दोन आय-स्कझीवर. एका पहाटे नॅसने आपणहून फर्मवेअर अपडेट केलं आणि तो रीस्टार्ट झाला. परत यायला त्याला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात चारही सर्व्हर पिंगला व्यवस्थित उत्तर देत होते, कारण पिंगचं उत्तर मेमरीत बसलेला कर्नल देतो. लॉगिन मात्र एकाही सर्व्हरवर होईना, शेल उघडायला डिस्क लागते आणि डिस्क जागेवर नव्हती. आमची देखरेख पिंगवर होती, त्यामुळे पडद्यावर सगळं हिरवंगार.

नॅस परतल्यावर एनएफएसवाले दोघे जिथे थबकले होते तिथून पुढे चालू लागले. हार्ड माउंट असेल तर कर्नल थांबून वाट बघत राहतो. आय-स्कझीवाल्यांनी मात्र १२० सेकंद वाट पाहिली, मग वरच्या थराला चूक कळवली आणि त्यांची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली, म्हणजे तिच्यावर काही लिहिता येईना. दोन्ही सर्व्हर हाताने रीबूट करावे लागले. ही १२० सेकंदांची मुदत ओपन-आयस्कझीची (लिनक्सवरचं आय-स्कझीचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंग आहे. रूट डिस्कच आय-स्कझीवर असेल तर ती ८६४०० सेकंदांपर्यंत वाढवायची असते, हे मला त्या दिवशी कळलं.

याचाच दुसरा चेहरा म्हणजे नेटवर्कची सेटिंग. साध्या सर्व्हरवर इंटरफेस खाली-वर केला तर फार तर तुमचं एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) तुटतं. इथे तुम्ही ज्या फांदीवर बसला आहात तीच कापता: इंटरफेस परत वर आणणारी कमांडही पलीकडच्या डिस्कवरच असते.

एनएफएस रूटचे बारीक त्रासही आहेत. त्या शेअरवर रूट स्क्वॉश (दुसऱ्या मशीनवरच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, साधा वापरकर्ता मानणारी सोय) बंद ठेवावं लागतं, म्हणजे त्या नेटवर्कवरचं कुठलंही भामटं मशीन रूट बनून लिहू शकतं. त्यासाठी वेगळं व्हीलॅन हवंच. फाइल कॅपॅबिलिटी (एखाद्या प्रोग्रामला दिलेले रूटचे मोजके अधिकार) एनएफएसवर टिकत नाहीत, त्यामुळे साधा वापरकर्ता पिंग करायला गेला तर परवानगी नाकारली जाऊ शकते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची ओव्हरले२ ही साठवणीची पद्धत एनएफएसवर चालत नाही, कंटेनर चालवायचे असतील तर वेगळी सोय लागेल. उलट आय-स्कझीत हे काही नाही, पण प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र लन द्या. एकच लन चुकून दोघांनी माउंट केली की फाइलसिस्टीमचा चुराडा ठरलेला.

वेगाचं गणित सोपं आहे. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जेमतेम ११० एमबी मिळतात. नॅसला तशी एकच तार असेल तर तेवढे चौघांत वाटायचे, आणि बॅकअपही त्याच तारेवर. वीज जाऊन आल्यावर चौघे एकदम उठतात तेव्हा हे फार जाणवतं. मुळात नॅसला उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून सर्व्हर बूट डिस्क सापडत नाही म्हणून थांबलेले दिसतात. त्यात तुमचा डीएचसीपी किंवा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) याच चारपैकी एखाद्यावर असेल तर कोणीच उठणार नाही.

तुमच्या जागी मी प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन छोट्या एसएसडी मिररमध्ये (एकीची नक्कल दुसरीवर) बसवून ऑपरेटिंग सिस्टीम तिथे ठेवीन आणि डेटा नॅसवर. आज मी तेच करतो. डिस्कशिवाय चालवायचा हट्टच असेल तर पूर्ण इमेज बूटच्या वेळी रॅममध्ये घ्या. गणनेच्या क्लस्टरमध्ये ही पद्धत छान चालते, कारण एकदा उठल्यावर रूटसाठी नॅसची गरजच उरत नाही. मात्र रॅम तेवढी हवी, आणि लॉग दुसरीकडे पाठवावे लागतात, नाहीतर रीबूटबरोबर तेही गेले.

आणि तरीही नॅसवरच न्यायचं ठरलं, तर काम सुरू करण्याआधी एका सर्व्हरवर ते उभं करा, त्यावर लिहिण्याचा भार चालू ठेवा आणि नॅसची तार पाच मिनिटं काढून परत लावा. त्यानंतर तो सर्व्हर आपोआप सावरला, तरच बाकीच्या तिघांच्या डिस्कला हात लावा.