आधी करार हातात, मग राजीनामा

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. नवरा अमेरिकन, वय 37, बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, एकूण 31 दिवस मिळाले, मग कोपराचं ऑपरेशन झालं आणि पाच वर्षांपूर्वी त्याने खेळ सोडला. आता कॉलेजच्या संघाचा पिचिंग कोच आहे. या उन्हाळ्यात त्याचा चेंडू पुन्हा ताशी 94 मैलांनी जायला लागलाय. नोकरी सोडून वर्षभर पुनरागमनाचा प्रयत्न करायचा, त्यासाठी निवृत्ती खात्यातले 60,000 डॉलर काढायचे, असं तो म्हणतो. "अजून 12 दिवस मिळाले तरी पेन्शन पक्की," हा त्याचा मुद्दा. माझं काम कंत्राटी आहे, सगळ्यांचा आरोग्य विमा त्याच्या नोकरीतून आहे. मुलं सहा आणि तीन वर्षांची. नाशिकला बाबा एफडी मोडून पैसे पाठवायला तयार आहेत. काय करावं?

नमस्कार ताई,

तुमच्या यजमानांनी प्रयत्न करावा असंच मला वाटतं. मात्र नोकरी सोडून नाही, आणि त्या 60,000 डॉलरना हात लावून तर मुळीच नाही.

आधी पेन्शनचं बघू, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मेजर लीगमध्ये 172 दिवसांचं एक सेवावर्ष धरतात आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे 43 दिवस भरले की पेन्शनचा हक्क मिळतो. 31 अधिक 12, बरोबर 43. या हक्कासाठी खेळाडू परतल्याची उदाहरणंही आहेत. नामवंत पिचर सॅचेल पेज यांना 1968 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज या क्लबने साठी उलटल्यावर करारबद्ध केलं, ते त्यांचे पेन्शनला कमी पडणारे 158 दिवस भरावेत म्हणून. पण पूर्ण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. 43 दिवसांवर मिळतो तो तिचा लहानसा हिस्सा, आणि 62 वर्षांच्या आधी सुरू केली तर तोही कमी होतो. नेमका आकडा खेळाडूंच्या पेन्शन योजनेच्या कार्यालयाकडून लेखी मागवा. तो हातात आल्याशिवाय या विषयावर घरात वाद घालू नका.

त्या 12 दिवसांचा पगारही मोजू. 2026 साठी मेजर लीगचं किमान वेतन 780,000 डॉलर आहे, आणि ते हंगामातल्या दिवसांच्या हिशोबाने मिळतं. दिवसाला साधारण 4,200 म्हणजे 12 दिवसांचे करापूर्वी 50,000 डॉलर. आता समजा, मेजर लीगमध्ये परत जाण्याची शक्यता दहात एक आहे. 37 व्या वर्षी, ऑपरेशन झालेल्या कोपराने, हा अंदाज मला तरी उदारच वाटतो. म्हणजे आजच्या हिशोबात त्या पगाराची किंमत 5,000 डॉलर.

समोरची बाजू मात्र शक्यतेवर चालत नाही. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांआधी निवृत्ती खात्यातून पैसे काढले की 10 टक्के दंड, म्हणजे 6,000 डॉलर, सरळ जातात. त्यावर केंद्रीय आयकर. तुम्ही 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल असं धरलं तर आणखी 13,200. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, तेवढं बरं. हातात उरतात जेमतेम 40,800. तेच 60,000 वर्षाला सहा टक्क्यांनी वाढू दिले तर यजमान 65 वर्षांचे होईपर्यंत तीन लाखांच्या थोडे वर जातात. पेरलेल्या शेतातलं बियाणं काढून खाण्यासारखं आहे हे.

मला सर्वांत जास्त काळजी विम्याची वाटते. राजीनामा दिला की कोब्रा या अमेरिकी कायद्याखाली 18 महिने तोच विमा ठेवता येतो, पण नोकरी देणाऱ्याचा वाटाही तुम्हालाच भरावा लागतो. शिवाय करार होण्याआधी खासगी सरावात खांदा गेला तर ती जबाबदारी कुणा क्लबची नसते. करार झाल्यावर, क्लबच्या सरावात तीच दुखापत झाली तर खर्चाचा प्रश्न वेगळा होतो. मार्क मल्डरचं बघा. एका हंगामात 21 सामने जिंकलेला पिचर. 2014 मध्ये एंजल्स या क्लबकडून परतायला निघाला आणि स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे हंगामापूर्वीच्या सरावाच्या, सुरुवातीलाच टाचेवरचा स्नायुबंध तुटला. तिथेच सगळं संपलं. पिचर जिम पामर यांनी 1991 मध्ये 45 व्या वर्षी प्रयत्न केला, सरावसामन्यातल्या दोन डावांनंतर थांबले. दोघांच्याही घरचा खर्च या प्रयत्नावर अवलंबून नव्हता.

जे परतू शकले त्यांच्याबाबतीत मी एक गोष्ट बघते: क्लबपुढे चाचणी कधी दिली आणि नोकरी कधी सोडली. जिम मॉरिस टेक्सासमध्येच शाळेत शिकवत होते, संघाचे कोच होते. शाळेचा हंगाम संपल्यावर, 1999 च्या उन्हाळ्यात चाचणी दिली, आणि करार झाल्यावर गेले. त्याच सप्टेंबरात 35 व्या वर्षी मेजर लीगमध्ये पदार्पण. तरी दोन हंगामांत मिळून 21 सामने, 15 डाव, एवढीच कारकीर्द झाली. पिचर डॅनियल बार्ड 2017 मध्ये निवृत्त झाले, ॲरिझोनाच्या क्लबमध्ये खेळाडूंचे मार्गदर्शक म्हणून काम करू लागले, 2020 मध्ये चाचणीनंतर रॉकीज क्लबचा मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या लीगचा) करार मिळाला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कारही. दोन वर्षांनी 1 कोटी 90 लाख डॉलरचा करार. घरी ही कथा ऐकवली जात असेल, आणि ती खरी आहे. पण नोकरी सोडून, खातं रिकामं करून परतायचा प्रयत्न फसलेल्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. त्यांची संख्याच जास्त असणार.

मायनर लीगचा करार झाला तरी लगेच सुटका नाही. 2023 च्या सामूहिक करारात ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीचं, किमान वेतन वर्षाला 35,800 डॉलर ठरलं. राहायची सोय क्लब करतो. मेजर लीगच्या क्लबांशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये पगार महिन्याच्या हिशोबाने, तोही हंगामापुरताच. तुमचं कंत्राटी उत्पन्न आणि घराचा हप्ता यांच्यासमोर हे आकडे मांडून बघा.

मग करायचं काय? त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत नोकरीत राहूनच सराव करावा. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, त्यामुळे पानगळ आणि हिवाळ्यात त्यामानाने मोकळीक मिळेल. प्रशिक्षक, फिजिओ, क्लबना दाखवायचं चित्रीकरण, एक-दोन चाचण्यांचा प्रवास, यासाठी चालू बचतीतून 8,000 डॉलर बाजूला काढा आणि ते संपले की प्रयत्न संपला, हे आत्ताच दोघांनी मिळून ठरवा. घरावर कर्ज काढायचं नाही. करार हाती आला तर कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाकडे (ॲथलेटिक डायरेक्टर) एका सत्राची बिनपगारी रजा मागायची. नकार मिळाला तरच राजीनाम्याचा विचार, आणि तोही क्लबचा विमा तुम्हाला आणि मुलांना लागू होतो का हे लेखी कळल्यावर.

बाबांना एफडी मोडू देऊ नका. भारतातल्या कायद्याने ते पैसे पाठवू शकतात, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आणि दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, जो विवरणपत्र भरून समायोजित होतो किंवा परत मिळतो. पण त्यांच्या म्हातारपणीच्या औषधपाण्याचा पैसा तुमच्या यजमानांच्या खांद्यावर लावावा, हे मला पटत नाही. फारच आग्रह केला तर इतकंच सांगा की मुलांच्या शाळेच्या सुट्टीत तिकीट काढून या. त्या महिन्यांत सरावाला आणि चाचण्यांना जायचं तर मुलं सांभाळायला घरात कुणीतरी लागेलच.